१९४२ नावाचा खेळ

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलाने मला रंगेहाथ पकडले. रात्रीचे अकरा वाजले होते, घरातले सगळे झोपले असे समजून मी दिवाणखान्यातल्या टीव्हीचा आवाज बारीक करून विमाने पाडत बसलो होतो. तो पाणी प्यायला उठला आणि मागे येऊन उभा राहिला. दोन मिनिटे बघितले आणि म्हणाला, "पपा, ह्यात तर काहीच नाही!"

त्याचे खरेच होते. तो जे खेळ खेळतो त्यात ढगांतून सूर्यकिरण झिरपताना दिसतात, वैमानिकाच्या काचेवर पावसाचे थेंब ओघळतात. माझ्या पडद्यावर निळा समुद्र, मधूनमधून हिरव्या-तपकिरी रंगाचे एखादे बेट, आणि मधमाश्यांसारखी येणारी इवलीशी विमाने. बस्स. खेळाचे नाव '१९४२'. वय चाळिशीच्या पुढचे. मी त्याला काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. मग दोन-तीन दिवस तोच विचार डोक्यात राहिला. हा खेळ मला का आवडतो? आणि आवडताना मध्येच कुठेतरी का टोचतो? हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर समजा.

माझा आणि या खेळाचा संबंध १९८८ सालचा. मी दहा वर्षांचा. आमचे घर चिखलीला, म्हणजे दाबोळी विमानतळाच्या अगदी कुशीत. नौदलाची सी हॅरिअर विमाने १९८३ साली दाबोळीला आली होती आणि ती आमच्या कौलांवरून गेली की वर्गात गुरुजी बोलायचे थांबत. विमान गेले की वाक्य पुढे सुरू. (ही विमाने २०१६ साली निवृत्त झाली.) तर विमानाचे कौतुक आम्हां पोरांना नव्हते असे नाही, पण ते विमान दुसऱ्याचे होते. त्याचे हँडल आपल्या हातात यावे ही इच्छा वास्कोतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत पूर्ण झाली. तिथे तीन उंच लाकडी डबे होते. एका खेळाला एक रुपया. खोलीत उजेड कमी, गर्दी जास्त, आणि खेळणाऱ्यापेक्षा बघणारेच अधिक. मधल्या डब्यावर '१९४२' होता. आम्ही त्याला नुसते 'विमानाचा गेम' म्हणत असू. ते आकडे म्हणजे एक साल आहे, हे मला तेव्हा कळलेच नव्हते. मला वाटायचे तो कोणाचा तरी विक्रमी स्कोअर असावा!

आता थोडा इतिहास.

या सगळ्या डब्यांचा मूळपुरुष म्हणजे १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स'. तैतो या जपानी कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. त्यांनी आधी रणगाडे, विमाने असे बरेच शत्रू विचारात घेतले होते. पण विमानांची हालचाल त्या काळच्या यंत्रावर नीट जमेना, आणि माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ कंपनीला नको होता. म्हणून मग परग्रहावरचे प्राणी आले. म्हणजे या प्रकाराच्या अगदी जन्माच्या वेळीच प्रश्न पडला होता की आपण कोणावर गोळी झाडतो आहोत. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर चार वर्षांत दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. १९८२ साली नाम्को कंपनीचा 'झेव्हियस' आला. त्यात जमीन वरून खाली सरकत राही आणि दोन वेगळी बटणे होती. एक हवेतल्या शत्रूवर गोळी झाडायला, दुसरे जमिनीवर बॉम्ब टाकायला. त्याच वर्षी कोनामी कंपनीचा 'टाइम पायलट' आला. तो बनवणाऱ्याचे नाव योशिकी ओकामोतो. त्यांना कंपनीने गाडी चालवण्याचा खेळ करायला सांगितला होता आणि त्यांनी गुपचूप विमानांचा केला, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. 'टाइम पायलट'मध्ये विमान काळातून प्रवास करते. १९१०ची दुपंखी विमाने, मग १९४०ची लढाऊ विमाने, मग हेलिकॉप्टर, जेट, आणि शेवटी २००१ सालच्या उडत्या तबकड्या! ओकामोतोंचे कोनामीशी बिनसले आणि ते बाहेर पडले. १९८३ साली ओसाका शहरात कॅपकॉम नावाची कंपनी उभी राहिली होती, तिच्यात ते गेले. आणि डिसेंबर १९८४मध्ये त्यांचा '१९४२' बाजारात आला. 'टाइम पायलट'मधला तो १९४०चा टप्पाच जणू त्यांनी उचलून त्याचा स्वतंत्र खेळ केला.

खेळ सोपा. विमानवाहू जहाजावरून आपले विमान उडते. खाली पॅसिफिक महासागर सरकत राहतो. समोरून जपानी विमानांच्या तुकड्या येतात, गिरकी घेतात, गोळी सोडतात, पळतात. थोडे पुढे गेले की मोठी बॉम्बफेकी विमाने चक्क पाठीमागून येतात आणि पडद्याच्या तळाशी निवांत बसलेल्या खेळाडूची झोप उडवतात. लाल रंगाच्या विमानांची अख्खी तुकडी पाडली की एक चौकोनी बक्षीस मिळते. ते उचलले की कधी बंदुकीची ताकद दुप्पट होते, कधी दोन्ही बाजूंना दोन छोटी विमाने सोबतीला येतात. एकूण ३२ टप्पे, आणि ते उलटे मोजायचे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी विमान पुन्हा जहाजावर उतरते आणि पडद्यावर आकडा येतो की शत्रूची किती टक्के विमाने पाडलीत. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा! आमच्यातला एकजण गणितात काठावर पास होत असे, पण इथे त्याचे नव्वदच्या खाली येत नसे.

पण या खेळाची खरी जादू दुसऱ्या बटणात आहे. ते दाबले की विमान कोलांटी घेते. मोठे होत पडद्यातून आपल्याकडे आल्यासारखे वाटते, उलटे होते, पुन्हा जागेवर येते. तेवढा वेळ कोणतीच गोळी त्याला लागत नाही. मात्र त्याला स्वतःलाही गोळी झाडता येत नाही. आणि अशा कोलांट्या मोजक्याच, सुरुवातीला तीन. म्हणजे सुटका आहे, पण ती जपून वापरायची आहे. नवखा खेळाडू घाबरून पहिल्या मिनिटातच तिन्ही उधळतो. मुरलेला खेळाडू शेवटच्या क्षणापर्यंत त्या पदरात बांधून ठेवतो आणि बरेचदा त्या न वापरताच मरतो. माणसाच्या स्वभावाची इतकी स्वस्तात पारख मी दुसरीकडे पाहिली नाही.

मुलाला जे 'काहीच नाही' वाटले, तीच मला या खेळाची ताकद वाटते. इथे शिकायला काही नाही. एक हँडल, दोन बटणे. पडद्यावर जे आहे ते सगळे समोर आहे, कोपऱ्याआड काही लपलेले नाही. शत्रूच्या तुकड्या ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून आज जिथे मेलो तिथे उद्या मरणार नाही याची खात्री बाळगता येते. गोळ्याही डोळ्यांना दिसतील इतक्या संथ येतात. खऱ्या हवाई युद्धात गोळी कोणाला दिसते? इथे ती दिसते, आपण बाजूला होतो, आणि आपण फार चपळ आहोत असा सुखद भ्रम होतो. मेलो तर तो दोष आपला, हे पटते. म्हणून तर खिशातला पुढचा रुपया बाहेर येतो. दुकानदाराला नाणे लवकर फिरायला हवे आणि पोराला 'अजून एकदा' वाटायला हवे, या दोन गोष्टींचा इतका नेमका मेळ घालणे हे सोपे काम नव्हे.

पुढे १९९०च्या दशकात हा खेळ आमच्या घरीच आला. जपानमध्ये निन्तेन्दोच्या घरगुती यंत्रासाठी '१९४२' १९८५ सालीच निघाला होता. त्या यंत्राच्या स्वस्त नकला भारतभर पोचल्या, त्यांना आपण 'टीव्ही गेम' म्हणायचो. एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ असे छापलेले असायचे आणि प्रत्यक्षात पंधरा-वीसच खेळ उलटसुलट नावांनी भरलेले असायचे. त्यांत '१९४२' हमखास. डब्यावरच्या खेळापेक्षा चित्र ओबडधोबड आणि आवाज तर असा की आई स्वयंपाकघरातून ओरडायची. पण रुपया लागत नव्हता!

कॉलेजात इतिहासाची पुस्तके हाती लागल्यावर मग मला ते आकडे म्हणजे साल आहे हे कळले, आणि खेळाकडे बघण्याची नजर बदलली. पहिल्यांदा सापडल्या त्या चुका. खेळातले आपले विमान म्हणजे लॉकहीड कंपनीचे पी-३८ लायटनिंग, त्याच्या दोन शेपट्यांवरून ते लगेच ओळखू येते. पण पी-३८ हे अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचे विमान. ते विमानवाहू जहाजावरून लढायला जातच नसे! खेळातले टप्पे मिडवे, मार्शल, आत्तू, राबाउल, लेयते, सायपान, इवो जिमा, ओकिनावा अशा क्रमाने येतात. यांतली मिडवेची लढाई १९४२ सालची, जून महिन्यातली. आत्तूची १९४३ची, मार्शल, सायपान आणि लेयतेच्या १९४४च्या, आणि इवो जिमा व ओकिनावाच्या १९४५च्या. लेयते तर सायपाननंतर यायला हवे. १९८७ साली पुढचा भाग निघाला, त्याचे नाव '१९४३' आणि विषय मिडवेची लढाई! एक वर्षाची गफलत थेट शीर्षकातच.

चुका शोधण्याचा आनंद ओसरल्यावर मात्र एक गोष्ट खटकू लागली. विमान अमेरिकेचे. पाडायची ती विमाने जपानची. दिशा टोकियोची. आणि खेळ बनवणारी कंपनी जपानची, ओसाकाची.

जरा विचार करा. ९ आणि १० मार्च १९४५ या दिवसांच्या मधल्या रात्री अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी टोकियो जाळले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चच्या रात्री, पाळी ओसाकाची. तिथे त्या एका हल्ल्यात सुमारे चार हजार माणसे मेली आणि शहराचा मधला भाग राख झाला. या गोष्टीला चाळीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा त्याच शहरात हा खेळ तयार झाला. ज्यांनी ती रात्र पाहिली होती अशी कितीतरी माणसे तेव्हा ओसाकात हयात होती. याचे व्यवहारी कारण सांगितले जाते ते असे, की कंपनीला पाश्चात्त्य बाजारात माल खपवायचा होता. ते खरेच असणार. धंदा हा धंदा असतो. ओकामोतोंचा जन्म १९६१चा, युद्ध त्यांनी पाहिलेले नव्हते. पी-३८ हे नावही जपानी माणसाला अनोळखी नसावे, कारण १८ एप्रिल १९४३ रोजी अ‍ॅडमिरल यामामोतो यांचे विमान पाडले ते पी-३८ विमानांनीच.

तरीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती फार उशिरा, शेकडो वेळा खेळून झाल्यावर. '१९४२'मध्ये बॉम्बच नाही. 'झेव्हियस'ने दोन वर्षे आधी जमिनीवर बॉम्ब टाकण्याचे बटण दिले होते, तंत्र हाताशी होते. पण या खेळात खाली काहीच पाडता येत नाही. गोळी लागते ती फक्त हवेतल्या विमानाला. बेटे येतात आणि सरकून जातात. त्यांवर घर नाही, गाव नाही. पडलेल्या विमानातून वैमानिक दिसत नाही. ३२ टप्पे संपले तरी एकही शहर जळत नाही. हे कोणी जाणूनबुजून केले असा माझा दावा नाही. साधेपणासाठीही केले असेल. पण परिणाम असा की उरते ते नुसते आकाशातले युद्ध. १९७८ साली निशिकादोंसमोर जो प्रश्न आला होता, तो इथे माणसे पुसून टाकून सुटला. आणि खेळ इतका निर्मळ, इतका हलका वाटतो तो त्यामुळेच, असे मला आता वाटते.

हे माझ्या लक्षात येण्याच्या पुष्कळ आधी आमच्या बाबांच्या लक्षात आले होते. घरी टीव्ही गेम आला त्या दिवसांत एकदा ते मुरगाव बंदरातली पाळी संपवून आले आणि माझ्या मागे उभे राहिले. थोडा वेळ बघून त्यांनी विचारले, "हें विमान कोणाचें रे?"

"आमचें," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"आनी सकयल कोण आसा?"

"कोणूच ना. दर्या आसा."

ते काही बोलले नाहीत. आंघोळीला निघून गेले.

१९६१ साली बाबा अकरा वर्षांचे होते, याच चिखलीच्या घरात. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयी वाचवायच्या, फक्त धावपट्टी निकामी करायची, असा त्यांना आदेश होता. त्याच सकाळी बेळगावजवळच्या सांब्र्याहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. हे सगळे मी पुस्तकात वाचलेले. बाबांच्या आठवणीत यातले काहीच नाही. त्यांना आठवते ते एवढेच, की आजीने त्यांना आणि धाकट्या आत्याला भाताच्या कोठीच्या खोलीत ओढले, घराची कौले एकमेकांवर आपटून दात वाजल्यासारखी वाजत होती, आणि आजोबा एकटे अंगणात उभे राहून मोठ्याने म्हणत होते, "आमचीं तीं, आमचीं!" आजोबा पोर्तुगीज गेल्याचा दिवस बघायला आयुष्यभर थांबलेले. ती विमाने आमचीच होती. त्यांनी आणलेला दिवस आम्हां सर्वांचा होता. पण कोठीच्या खोलीत बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला विमान कोणाचे हे आवाजावरून कळत नव्हते, आणि आजोबा आत का येत नाहीत एवढेच तो विचारत होता.

आमच्या घरावर काही पडले नाही. आम्ही सुदैवी. ओसाकाच्या लोकांचे दैव तसे नव्हते, म्हणून दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलण्याचा माझा हेतू नाही. पण "सकयल कोण आसा?" हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. खेळात त्याचे उत्तर 'कोणीच नाही' असे आहे, आणि म्हणून आपण सुखाने खेळू शकतो. मुलाच्या आजच्या खेळांत शहरे हुबेहूब दिसतात, खिडक्यांत दिवे असतात, आणि बॉम्बही पडतात. त्या खिडक्यांमागे कोण असेल हे त्याला मी विचारले नाही. बाबांनीही मला पुढे काही समजावले नव्हते. पण विचारायला हवे, असे आता वाटते.

म्हणजे मी हा खेळ सोडला का? छे! २०२१ साली कॅपकॉमने आपले जुने खेळ 'आर्केड स्टेडियम' नावाच्या संग्रहात पुन्हा आणले, त्यात '१९४२' आहे. त्यावरच तर मी पकडला गेलो. आता रुपया लागत नाही, मेल्यावर वेळ मागे नेण्याचीही सोय आहे. मी ती वापरत नाही. तीन कोलांट्यांत जे होईल ते होईल.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला शेजारी बसवून खेळायला दिले. तो पहिल्याच टप्प्यात तिन्ही कोलांट्या संपवून मेला. पुन्हा मेला. चौथ्या वेळी मात्र गप्प झाला आणि थोडा पुढे सरकून बसला. मी ओळखले. बाबा आरामखुर्चीत बसून बघत होते. आता पंचाहत्तरी झाली, डोळ्यांना कमी दिसते. टप्पा संपला, जहाज आले आणि ते इवलेसे विमान हळूच त्यावर टेकले. मुलाने टक्केवारी बघितली. बाबांनी विमान बघितले.

"पावलें," ते म्हणाले.